थोडं हलकं होऊन ये

जहाजावर नाचणाऱ्या बाईच्या कमरेवर तिच्याखेरीज सगळ्यांचा हक्क असतो. नृत्यविभागाचा असतो, कपडेपटाचा असतो, तिला उचलणाऱ्या जोडीदाराचा असतो. सुट्टीवर घरी आलं की आईचा आणि आईच्या शेजाऱ्यांचा असतो. एवढ्यांतून काही उरलंच तर ते आपलं. मी चौतीस वर्षांची आहे. या धंद्यात चौतीस म्हणजे काय, ते समजायचं असेल तर बँकेत निवृत्तीच्या आदल्या वर्षी खुर्चीवर बसलेल्या माणसाचा चेहरा आठवा. सगळे त्याच्याशी फार प्रेमाने बोलत असतात.

मिस थोर्नसुद्धा फोनवर फार प्रेमाने बोलल्या. मी तेव्हा इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, गॉसपोर्टला आईकडे होते आणि पाय टेबलावर ठेवून चहात बिस्कीट बुडवत होते. मिस थोर्न म्हणजे आमच्या कंपनीच्या नृत्यविभागाच्या प्रमुख. त्या आवाज कधीही चढवत नाहीत. त्यामुळे त्यांचा फोन ठेवल्यावर आपल्याला नेमकं कुठे लागलंय हे कळायला थोडा वेळ जातो.

"रोझलिंड, पुढच्या महिन्यात तालमी सुरू होतायत. तुझी आणि डग्गलची उचल मी नव्या कार्यक्रमातही ठेवतेय."

"बरं वाटलं ऐकून."

उचल म्हणजे मी रंगमंचाच्या एका टोकाकडून धावत यायचं आणि डग्गल रेनीने मला एका झटक्यात डोक्यावर धरायचं. सहा सफरी आम्ही हे करत होतो. त्या उचलीवरच आमचं दोघांचं नाव होतं आणि पगारही.

"फक्त एक गोष्ट," मिस थोर्न म्हणाल्या. "मागच्या सफरीच्या शेवटी शेवटी उचल जरा जड होत होती म्हणे. तुझी रेषा बदललीय असं कानावर आलं."

आमच्या कंपनीत 'जाड' हा शब्द वापरत नाहीत. पूर्वी सर्रास वापरायचे. मग कुठल्या तरी जहाजावरच्या मुलींनी वकील गाठला, आणि वजनाबद्दल कुणी कुणाला काही बोलायचं नाही असा नियम निघाला. तेव्हापासून आमची वजनं वाढत नाहीत, रेषा बदलतात.

"कुणाकडून कानावर आलं?"

"ते महत्त्वाचं नाही. थोडं हलकं होऊन ये, म्हणजे झालं."

"थोडं म्हणजे किती?"

"ते मी सांगू शकत नाही ना. नियमात बसत नाही."

फोन ठेवल्यावर मी सगळ्यात आधी ते बिस्कीट संपवलं, कारण ते चहात विरघळायला लागलं होतं. मग वरच्या खोलीत जाऊन मागच्या सफरीचा पोशाख चढवला. चेन एका दमात वर गेली. आरशात पुढून, बाजूने आणि मान मोडेपर्यंत मागून पाहिलं. रेषा होती तिथेच होती. पण पन्नास प्रवासी टाळ्या वाजवतात आणि एकजण जांभई देतो, तेव्हा आपल्याला जांभईच दिसते. मला त्या रात्री झोप आली नाही. एकविसाव्या वर्षी असा फोन आला असता तर मी रडले असते. आता रडायचाही कंटाळा येतो. मी हलकं व्हायचं ठरवलं.

आईला सांगायला नको होतं. आईने ते कुंपणावरून मिसेस पार्जिटरना सांगितलं. मिसेस पार्जिटर शाळेच्या स्वयंपाकघरात आयुष्यभर डाव घेऊन उभ्या होत्या. आहाराबद्दल आपल्याला कळतं तेवढं सरकारलाही कळत नाही असं त्यांचं मत आहे.

"कोबीचं सूप," त्या म्हणाल्या. "सकाळी सूप, दुपारी सूप, रात्री सूप. दुसरं काही तोंडात घालायचं नाही पोरी. माझ्या बहिणीने केलं होतं. शेवटी तिची अंगठी गळून पडली."

"मग?"

"मग काय, सापडली नाही ना अजून."

मी सूप सुरू केलं. घराला कोबीचा वास लागला, पडद्यांना लागला, मला लागला. गंमत म्हणजे ते सूप चविष्ट लागत होतं. तिसऱ्या दिवशी मी अचानक स्वयंपाकघरात गेले तर आई पातेल्यात साय ओतत होती.

"अगं आई, हे काय?"

"नुसतं पाणी कसं पिणार तू? मला बघवत नाही."

"पण मी ते हलकं व्हायला पितेय."

"हो हो, तू पी. मी कुठे नको म्हणतेय?" असं म्हणून आईने वर लोणीही टाकलं.

मग मी चर्चच्या सभागृहात भरणाऱ्या वजन उतरवणाऱ्यांच्या मंडळात गेले. निदान तिथे आपल्यासारखी माणसं भेटतील असं वाटलं. दारात मिसेस डन्फी नावाच्या बाई काटा घेऊन बसल्या होत्या. मी आत शिरले आणि खुर्च्यांवरची कुजबुज थांबली. बायकांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी आयुष्यभर परीक्षकांसमोर उभी राहिलेय, पण इतकं कसून मला कुणी पाहिलं नव्हतं.

"कुणाला घ्यायला आलात का?" मिसेस डन्फींनी विचारलं.

"नाही. नाव नोंदवायला आलेय."

"कुणाचं?"

"माझं."

मागच्या रांगेतून एक हिरव्या स्वेटरची बाई शांतपणे म्हणाली, "बाई, आम्ही इथे आठवडाभर पावाकडे पाठ फिरवून येतो. आमची थट्टा करायला दुसरा वार नाही मिळाला?"

मी थट्टा करत नाही, माझ्या नोकरीचा प्रश्न आहे, असं मी सांगायला लागले. मिसेस डन्फींनी मला काट्यावर उभं केलं, आकडा पाहिला आणि काटा माझ्या पायाखालून जवळजवळ काढूनच घेतला. "तुम्हाला घेतलं तर आमच्यावर कारवाई होईल," त्या म्हणाल्या. निघताना हिरव्या स्वेटरच्या बाईने मला हळूच एक सँडविच दिलं. तिने ते पर्समध्ये का ठेवलं होतं हे मी विचारलं नाही. फाटकाबाहेर उभी राहून मी ते खाल्लं. एकाच महिन्यात एका ठिकाणी आपण जास्त ठरतो आणि दुसऱ्या ठिकाणी कमी, ही गोष्ट माणसाला फार दमवते.

राहिले होते पलीकडच्या घरातले मिस्टर लडलो. ते नौदलातून निवृत्त झालेले. त्यांच्या मते जगातली कुठलीही अडचण थंड पाण्याने सुटते. "सूप कसलं पितेस?" ते म्हणाले. "सकाळी समुद्रात उतर. थंडीने चरबी जळते. आम्ही आर्क्टिकमध्ये काटक्या झालो होतो."

एप्रिलमधला आमच्याकडचा समुद्र म्हणजे बर्फाने नुकताच निरोप दिलेलं पाणी. मी उतरले. मिस्टर लडलो गोट्यांच्या किनाऱ्यावर कोट, मफलर आणि थर्मास घेऊन उभे राहिले आणि शिट्टी वाजवून सूचना देऊ लागले. पहिला आठवडा बरा गेला. दुसऱ्या आठवड्यात मांडीला जेलीफिश डसली. मी किंचाळत हात वर केले. मिस्टर लडलोंनी शिट्टी वाजवली. कुत्रं फिरवणाऱ्या एका बाईला वाटलं की एक वाळलेली बाई जीव देतेय आणि एक म्हातारा तिला प्रोत्साहन देतोय. तिने किनारा बचाव पथकाला फोन केला. पथकाच्या पोरांनी मला बाहेर काढून चांदीच्या कागदात गुंडाळलं. भट्टीत जायच्या तयारीत असलेल्या कोंबडीसारखी मी रस्त्याने घरी आले. त्यातला एकजण आईला म्हणाला, "यांना जरा खायला घाला हो." आईचा चेहरा इतका उजळला होता की मला तिचा राग आला.

पण एवढ्या सगळ्यातून मी हलकी झाले. पोशाखाची चेन आता चढवावी लागत नव्हती, पोशाखच माझ्याभोवती फिरत होता. मी स्वतःवर खूश होऊन बंदरावरच्या डॉक्टरांकडे गेले.

जहाजावर काम करणाऱ्या प्रत्येकाला, मग तो इंजिनात असो की रंगमंचावर, दर दोन वर्षांनी तब्येतीचा दाखला घ्यावा लागतो. त्याशिवाय जहाजावर पाऊल ठेवता येत नाही. डॉक्टर फेअरक्लफ हे ते दाखले देतात. त्यांनी मला तपासलं, काट्यावर उभं केलं, चष्मा काढून पुसला आणि परत उभं केलं.

"तुम्हाला दाखला देता येणार नाही."

"का?"

"वजन कमी आहे. जहाज बुडालं आणि होडीत दोन दिवस काढायची वेळ आली तर अंगावर काहीतरी हवं ना? पुढच्या आठवड्यात भर घालून या."

"पण डॉक्टर, मी नर्तकी आहे."

"समुद्राला ते माहीत नसतं," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्याला हाक मारली. पुढचा एक जाडजूड आचारी होता. तो दोन मिनिटांत दाखला घेऊन माझ्या आधी बाहेर पडला, कारण मी अजून बुटाची नाडी बांधत होते.

मी कंपनीच्या कर्मचारी खात्याला फोन केला. तिथे मिस्टर प्रिचर्ड होते. सज्जन माणूस. त्यांचा आवाज ऐकला की आपण रांगेत उभे आहोत असं वाटतं.

"दाखला नाही तर नोकरी नाही," ते म्हणाले. "वजन वाढवा."

"मिस थोर्न म्हणतात कमी करा."

"तो नृत्यविभाग झाला. त्यांचं आमच्याकडे येत नाही."

"पण वजन एकच आहे ना? माझ्याकडे दोन नाहीत."

पलीकडून मिस्टर प्रिचर्ड कागद चाळत असल्याचा आवाज आला. बहुधा कुठल्या नियमात अशी सोय आहे का ते बघत असावेत. मग म्हणाले, "असं करा. डॉक्टरांसाठी वाढवा आणि तालमीपर्यंत उतरवा. मध्ये शनिवार-रविवार येतोच."

मग आमच्या गल्लीत उत्सव सुरू झाला. आईने पुडिंगं रचली. मिसेस पार्जिटर भाजलेले बटाटे आणि रश्शाचं भांडं घेऊन आल्या. कोबीच्या सुपाबद्दल आता त्या अवाक्षर काढत नव्हत्या. जणू ते दुसऱ्याच कुणी सुचवलं होतं. "पोरी, खाणं हे खरं औषध," त्या म्हणाल्या. मी खात होते, पण इतके दिवस उपाशी ठेवलेलं पोट आता रुसून बसलं होतं. आठवडा संपत आला तरी काटा जेमतेम हलला. तेव्हा मिस्टर लडलोंनी नौदलातला उपाय सांगितला. तपासणीच्या आधी पोटभर पाणी प्यायचं. पाणी वजनदार असतं, आणि डॉक्टरला पोटातलं दिसत नाही.

मी बाटल्याच्या बाटल्या रिचवल्या आणि दवाखान्यात जाऊन बसले. त्या दिवशी एका मालवाहू जहाजाचे सगळे खलाशी आले होते. मी गुडघे जुळवून बसले, मग उभी राहिले, मग भिंतीवरची बंदराची जुनी चित्रं फार आस्थेने पाहू लागले. शेवटी परिचारिकेने माझं नाव पुकारलं आणि हसून हातात एक छोटी बाटली दिली. "आधी लघवीचा नमुना, मग वजन."

थांबणं शक्य नव्हतं. नमुना मी अतिशय उदारपणे दिला.

काट्यावर उभी राहिले तेव्हा डॉक्टर फेअरक्लफ आकड्याकडे न बघता माझ्याकडे बघत होते. "पाणी पिऊन आला होतात का?"

मी काट्यावरून खाली उतरले.

"खलाशीही करतात. म्हणूनच आम्ही बाटली आधी देतो." ते खुर्चीत मागे टेकले. "हे बघा, तुम्हाला कुणी काय सांगितलं असेल ते मला माहीत नाही. पण घरी जा आणि नीट जेवा. शुक्रवारी शेवटची वेळ आहे."

ते इतक्या साध्या आवाजात बोलले की मला एकदम भरून आलं. घरी गेले आणि नीट जेवले. कुणासाठी नाही, भूक लागली होती म्हणून. शुक्रवारी दाखला मिळाला. सोमवारी तालमी होत्या. शनिवार-रविवारी मी काहीही उतरवलं नाही. उतरवायचं त्राण नव्हतं.

गोदीजवळच्या एका जुन्या गोदामात तालमी असतात. डग्गल भिंतीला टेकून उभा होता. तो स्कॉटलंडमधल्या पेझलीचा. वय छत्तीस सांगतो, आणि तेही मी त्याला ओळखायला लागले तेव्हापासून तेच सांगतो. मी मिठी मारायला गेले तर त्याने फक्त खांदा पुढे केला.

"बरी दिसतेस," तो म्हणाला आणि माझ्या डोळ्यांकडे न बघता बुटांकडे बघत राहिला.

मिस थोर्ननी माझ्या कमरेकडे एक नजर टाकली आणि खुर्ची ओढून बसल्या. "उचल बघू या आधी."

मी धावत आले. डग्गलचे हात नेहमीच्या जागी लागले. मी वर गेले, त्याच्या छातीपर्यंत, खांद्यापर्यंत, आणि तिथे काहीतरी थांबलं. त्याच्या तोंडून भाता फुटावा तसा आवाज आला. पुढच्या क्षणी आम्ही दोघं फरशीवर होतो. तो खाली आणि मी वर. मला फारसं लागलं नाही, कारण मी डग्गलवर पडले होते. डग्गल मात्र उठला नाही.

सगळे धावले. कुणी बर्फ आणला, कुणी उशी आणली. मला कुणीच काही विचारलं नाही. तालमीला आलेल्या पोरी माझ्या कमरेकडे बघत होत्या. मिस थोर्न वाकून हळू आवाजात म्हणाल्या, "रोझलिंड, मी तुला आधीच सांगितलं होतं." मला वाटलं, फरशीने मला गिळावं. पण तेवढं मोठं भोक पाडायला फरशीलाही कष्ट पडले असते, असं त्या पोरींच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं.

दुपारी इस्पितळात मी त्याच्या खाटेजवळ गेले. सोबत द्राक्षं नेली होती. मी म्हणाले, "डग्गल, माझ्यामुळे झालं रे. मला माफ कर. त्या डॉक्टरने..."

"तुझ्यामुळे नाही झालं," तो छताकडे बघत म्हणाला.

"म्हणजे?"

"पाठ मागच्या सफरीतच गेली होती. लिस्बनच्या आधीच. गोळ्या खाऊन काढलं." त्याने चादर वर ओढली. "उचल नीट जात नाही असं थोर्नबाईंनी विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं की तू जरा... की तुझी रेषा..."

मी द्राक्षांची पिशवी खाली ठेवली. साय घातलेलं कोबीचं सूप, हिरव्या स्वेटरची बाई, जेलीफिश, चांदीचा कागद, ती बाटली, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं.

"तुला लाज नाही वाटली?"

"वाटली ना. म्हणून तर फोन केला नाही."

"मी समुद्रात उतरले होते, डग्गल. एप्रिलमध्ये."

"मला काय माहीत तू एवढं मनावर घेशील? तू तर पहिल्यापासून काडीसारखी आहेस." त्याने डोळे मिटले. "पाठ गेलेल्या नाचणाऱ्याला कोण ठेवतं, रोझ? मला दुसरं काही येत नाही. आता हे दुखणं जुनं आहे असं प्रिचर्डला कळलं तर उपचारही माझ्या खर्चाने आणि पगारही बंद. तुला सांगायचं तर सांग. मी काही म्हणणार नाही."

मी त्याला बरंच काही बोलले. ते इथे लिहिण्यासारखं नाही. बाजूच्या खाटेवरच्या आजोबांनी पडदा ओढून घेतला. पण बोलता बोलता मी मध्येच थांबले, कारण त्याच्या केसांची मुळं मला पहिल्यांदाच नीट दिसली. तो केस रंगवत होता. सहा सफरी मी त्याच्या डोक्यावर होते आणि मला ते कधी दिसलं नव्हतं. मी द्राक्षं तिथेच ठेवून निघाले. अर्धी मी खाल्ली होती.

चौकशीला मिस्टर प्रिचर्ड स्वतः आले. लॅपटॉप उघडून बसले. शेजारी मिस थोर्न.

"उचलीच्या वेळी काही वेगळं जाणवलं?"

"हो," मी म्हणाले. "मी जड होते."

मिस थोर्नच्या भुवया वर गेल्या. माझ्या तोंडून हे ऐकायची त्यांची तयारी नव्हती.

"किती जड?"

"ते मी सांगू शकत नाही. नियमात बसत नाही."

मिस्टर प्रिचर्डनी टंकलेखन थांबवलं. "वजन वाढण्याचं कारण?"

"तुम्ही. फोनवर तुम्हीच सांगितलंत, डॉक्टरांसाठी वाढवा म्हणून. त्याआधी मिस थोर्ननी सांगितलं होतं म्हणून मी उतरवलं होतं. एका महिन्यात खाली आणि वर. जोडीदाराच्या हातांना अंदाज कसा राहणार?"

दोन्ही विभाग एकमेकांकडे बघत होते. बहुधा पहिल्यांदाच.

"रेनीने याआधी पाठीची तक्रार केली होती का?" मिस्टर प्रिचर्डनी शेवटी विचारलं.

"सोमवारी दुपारपर्यंत तो माझ्याकडे पाठीबद्दल एक शब्द बोलला नव्हता," मी म्हणाले. हे अक्षरशः खरं होतं. पुढचा प्रश्न आला असता तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. पण मिस्टर प्रिचर्डना घाई झाली होती. प्रकरण जितकं लांबेल तितकं ते त्यांच्याच खात्याकडे वळणार हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

डग्गलला उपचार मिळाले, बरं होईपर्यंत पगार मिळाला. आता तो पेझलीत निवृत्त बायकांना दुपारचा जोडीचा नाच शिकवतो. तिथे कुणालाही उचलावं लागत नाही. नाताळला त्याचं कार्ड येतं. त्यात नेहमी एकच वाक्य असतं, आणि त्यात माफी हा शब्द नसतो, पण ते माफीचंच असतं.

माझं काय झालं? ज्या बाईने स्वतः जड असल्याचं कंपनीच्या कागदावर मान्य केलं, तिला डोक्यावर कोण उचलणार? मिस थोर्न फार प्रेमाने म्हणाल्या, "तुझा अनुभव मला गमवायचा नाही." आणि त्यांनी मला उष्ण कटिबंधाच्या नाचात अननस दिला. फोमचा बनवलेला मोठा अननस. आतून मी, वरून पानं. फक्त पावलं दिसतात. चेन नाही, कंबर नाही. पहिल्या रात्री आत उभी राहून मी पोटातला श्वास सोडला, तेव्हा लक्षात आलं की तो मी बहुधा एकविसाव्या वर्षापासून धरून ठेवला होता. अपमान झाला होता, हे मला कळत होतं. पण खरं सांगते, त्या अपमानात फार मोकळं वाटत होतं.

माझ्या जागी इमोजेन आली. एकोणीस वर्षांची, लीड्सची, गुडघ्यांवर अजून शाळेतल्या खेळांचे वण असलेली. परवा बिल्बाओ बंदर सोडल्यावर ती कपडे बदलायच्या खोलीत माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी अर्धी अननसात होते.

"रोझलिंड, तुम्हाला एक विचारू? थोर्नबाईंचा निरोप आलाय. म्हणतात, माझी रेषा..." तिने पोट आत ओढलं. "तुम्ही इतकी वर्षं आहात. तुम्ही काय करायचात? काय खायचात?"

मला खूप काही सांगता आलं असतं. सूप, समुद्र, सगळं. तिच्या जोडीदाराबद्दलही दोन गोष्टी सांगता आल्या असत्या. पण त्या वर्षी मला इतक्या माणसांनी सल्ले दिले होते की कुणाला सल्ला द्यायला माझं तोंडच उघडेना.

"दुपारी जेवलीस?" मी विचारलं.

तिने नकारार्थी मान हलवली.

मी अननसातून बाहेर आले, तिचा हात धरला आणि तिला खाली कर्मचाऱ्यांच्या जेवणघरात घेऊन गेले. बटाटे आणि रस्सा होता. तिने आधी चमच्याच्या टोकाने थोडे खाल्ले, मग चमचा भरून, मग खाली मान घालून. थोड्या वेळाने ती ताट घेऊन उठली आणि परत वाढून घ्यायला निघाली. मी माझंही ताट तिच्या हातात दिलं.